हँडिकॅपच्या ग्लायडर शर्यतीत न्याय्य टास्क कसा ठरवायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आर्वी-पुलगाव भागातली काही मुलं दर रविवारी संगणकावरच्या सिम्युलेटरवर ग्लायडरची, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानांची, शर्यत लावतात. कोणी डिस्कस घेतो, कोणी एलएस ४, एक जण हट्टानं दोन आसनी एएसके २१ उडवतो आणि एकाचा जीव जुन्या का ८ वर आहे. मिळालेल्या वेगाला हँडिकॅपच्या, म्हणजे ग्लायडरच्या क्षमतेनुसार ठरलेल्या, अंकानं भागून निकाल लावतात. तरीही क्रम ठरल्यासारखा लागतो, डिस्कस वर आणि का ८ तळाशी. त्यांचं विचारणं असं, की अंक चुकीचा आहे, का ८ उडवणारा कमी पडतो, की आम्ही टास्कच, म्हणजे शर्यतीचा आखून दिलेला मार्गच, चुकीचा देतो? आणि उद्या खऱ्या ग्लायडरांची अशी मिश्र स्पर्धा घ्यायची झाली, तर कोणता टास्क सगळ्यांना न्याय देईल?

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. अंक बहुधा बरोबर आहे. तुम्ही त्या अंकाकडून जे काम करून घेताय, ते त्याच्या आवाक्यातलं नाही. हँडिकॅप म्हणजे 'वारा नाही, थर्मल (वर चढणाऱ्या गरम हवेचे झोत) मध्यम आहेत आणि दोघांना सारखीच हवा मिळाली' असं धरून काढलेलं एक गुणोत्तर असतं. त्या धरलेल्या दिवसापासून खरा दिवस जितका लांब, तितका तो अंक खोटा पडतो. म्हणून टास्क ठरवणाऱ्यानं सकाळी आकाश पाहून विचार करायचा तो एवढाच: आजचा टास्क सगळ्या ग्लायडरांना दिवसाचा सारखाच तुकडा आणि शक्य तितकी सारखीच हवा देतो का? ज्या टास्कला याचं उत्तर 'हो' येईल तो आजच्यापुरता न्याय्य. तोच टास्क उद्या अन्यायाचा ठरू शकतो.

आता हिशेबाला बसू. आकडे सोपे राहावेत म्हणून दोन ग्लायडर घेऊ. एकाचा अंक १.००, वारा नसताना तो सरासरी ताशी १०० किमी काढतो. दुसऱ्याचा अंक ०.८०, तो ८० काढतो. ८० ला ०.८० नं भागलं की १००, म्हणजे कागदावर बरोबरी. (तुम्ही जर्मन पद्धतीची यादी वापरत असाल तर तिथे चांगल्या ग्लायडरचा अंक मोठा असतो आणि भागायचं असतं. अमेरिकन यादीत चांगल्या ग्लायडरचा अंक लहान असतो आणि गुणायचं असतं. दोन याद्यांची सरमिसळ केली तर सगळा निकाल उलटा लागेल, तेव्हा एकच यादी धरा.)

टास्क म्हणून आपल्याकडचाच त्रिकोण घेऊ: वर्धा, यवतमाळ, अमरावती आणि परत वर्धा. हवाई अंतरं साधारण ६३, ७१ आणि ९१ किमी, म्हणजे एकूण २२५ च्या आसपास. हा फक्त नकाशावरचा अभ्यास आहे. खरं उड्डाण करायचं तर पुलगावचं दारूगोळा भांडार, नागपूरची विमानवाहतूक आणि परवानग्या हे सगळं आधी पाहावं लागेल.

हा त्रिकोण रेसिंग टास्क म्हणून दिला, म्हणजे ठरलेले टर्न पॉइंट (वळणाची ठिकाणं) सगळ्यांनी त्याच क्रमानं गाठायचे आणि कमी वेळ काढणारा जिंकणार. १०० वाल्याला सव्वादोन तास लागतात. ८० वाल्याला दोन तास एकोणपन्नास मिनिटं. दोघं दीडला सुटले, तर पहिला पावणेचारला घरी, दुसरा चार वाजून एकोणीस मिनिटांनी. मधली चौतीस मिनिटं हाच सगळ्या भांडणाचा मुद्दा आहे. हँडिकॅप असं धरून चालतो, की ती चौतीस मिनिटं बाकीच्या दिवसासारखीच होती. मे महिन्यात एखादे वेळी तसं असेलही, तेव्हा विदर्भाची जमीन संध्याकाळपर्यंत तापलेली असते. पण डिसेंबर-जानेवारीत चार वाजले की आकाश मंदावतं, आणि मग हँडिकॅप कितीही काटेकोर काढलेला असो, हळू ग्लायडरला मेलेल्या हवेत उडायला लावलेलं असतं. का ८ चा अंक ०.७० च्या आसपास धरला, तर त्याला हाच त्रिकोण तीन तास तेरा मिनिटांचा पडतो. म्हणजे डिस्कसवाला ग्लायडर बांधून चहा पीत असतो तेव्हा का ८ ची अजून जवळपास तासाभराची वाट बाकी असते.

आपल्याकडच्या शंकरपटाला गेलेल्याला हे लगेच कळेल. घड्याळ सगळ्या जोड्यांना एकच असतं, पण सकाळच्या टणक मैदानावर धावलेली जोडी आणि दिवसभर खुरांनी उखणलेल्या मैदानावर शेवटी धावलेली जोडी यांची वेळ एका कागदावर लिहिली म्हणून शर्यत सारखी होत नाही.

ही शेवटची वेळ आतून कशी असते तेही सांगतो, कारण सिम्युलेटरवर ती अर्धीच कळते. चांदूर रेल्वेच्या आसपास तुम्ही ७०० मीटरवर आहात. दुपारी जिथे घारी गिरक्या घेत होत्या तिथे आता एकही घार नाही. चढ-उताराचा वेग दाखवणाऱ्या व्हेरिओमीटरचा काटा शून्याच्या खाली अर्ध्यावर स्थिर. समोर वर्धा अजून साठ-पासष्ट किमी. डोळे आपोआप खाली जातात आणि उतरायला वावर शोधू लागतात: सोयाबीन निघालेलं मोकळं रान चालेल, उभ्या पऱ्हाटीचं नको, तुरीचं तर अजिबात नको, धुरा आडवा आहे की उभा ते पाहा. यात पायलटचा काही दोष नाही. दीड वाजता तो इतर सगळ्यांबरोबरच निघाला होता आणि कदाचित त्यांच्याइतकंच चांगलं उडवत होता. पण बाहेर उतरला, की वेगाचे गुण गेले आणि फक्त अंतराचे उरले. मिश्र ताफ्याच्या स्पर्धेत निकाल सगळ्यात जास्त इथे बिघडतो.

दुसरा मुद्दा वाऱ्याचा. याकडे मुलं लक्ष देत नाहीत, पण तुमच्या का ८ चं बरंचसं दुखणं मला इथेच दिसतं. ग्लायडर थर्मलमध्ये गिरक्या घेत असताना वारा त्याला वाहून नेतच असतो, म्हणून वाऱ्याची वजाबाकी संपूर्ण वेळाला लागते. ताशी ३० किमीचा वारा घ्या आणि थेट वाऱ्यावर, म्हणजे वाऱ्याच्या विरुद्ध, जाऊन परत यायचा टास्क घ्या. १०० वाला जाताना ७० नं जातो, येताना १३० नं येतो, सरासरी पडते ९१. ८० वाला जाताना ५०, येताना ११०, सरासरी ६८.७५. याला ०.८० नं भागा: ८५.९. दोघांनी तंतोतंत सारखं कौशल्य दाखवलं, तरी हळू ग्लायडर सुमारे साडेपाच टक्क्यांनी मागे. का ८ चे ७० धरून हाच हिशेब केला तर ५७ येतात, ०.७० नं भागून साडेएक्क्याऐंशी. ९१ च्या तुलनेत दहा टक्के तूट! पहिल्या दिवशीच दहा टक्के गेले, तर पुढे ते भरून काढणं जवळपास अशक्य.

सूत्र लक्षात ठेवायला सोपं आहे. जाऊन-येऊन सरासरी वेग म्हणजे वारा नसतानाचा वेग वजा वाऱ्याच्या वर्गाला त्याच वेगानं भागून येणारा आकडा. वेग लहान, तितकी वजाबाकी मोठी. आता तेच अंतर वाऱ्याला आडवं टाका. १०० वाल्याला ९५.४ मिळतात, ८० वाल्याला ७४.२, हँडिकॅप लावून ९२.७. तूट तीन टक्क्यांच्या आत आली. म्हणजे अंकाला हात न लावता, फक्त टास्क फिरवून निम्मा अन्याय कमी झाला. ब्रिटनमध्ये वाऱ्यानुसार हँडिकॅपच दुरुस्त करण्याची पद्धतही वापरली गेली आहे. ती चांगली आहे, पण त्यासाठी वाऱ्याचा एकच आकडा आधी मान्य करावा लागतो. आठ-दहा जणांच्या गटात त्यावरूनच वाद होतील. तुम्ही टास्क फिरवा, ते सोपं.

तिसरा मुद्दा सुरुवातीच्या उंचीचा, तो लवकर संपवतो. समजा सुरुवात १५०० मीटरवरून आणि शेवट ३०० वर. मधले १२०० मीटर सगळ्यांना फुकट मिळतात. पण १:४० ग्लाइड रेशोचा, म्हणजे एक मीटर खाली येताना ४० मीटर पुढे जाणारा, ग्लायडर त्यातून ४८ किमी काढतो आणि १:२८ चा फक्त ३४ च्या आसपास. हे गुणोत्तर ०.७०, अंक मात्र ०.८०. टास्क ३०० किमीचा असेल तर हा फरक विरघळतो, १०० किमीचा असेल तर टोचतो. म्हणून 'छोटा टास्क म्हणजे जुन्या ग्लायडरला सोपा टास्क' ही समजूत सोडा. घरी पोचायला तो सोपा असेल, जिंकायला नव्हे.

आणि मुळात एकाच अंकात सगळा दिवस मावत नाही. मंद, अरुंद थर्मलमध्ये हलका का ८ छोटी गिरकी घेऊन चढतो आणि भारी फायबरचे ग्लायडर त्याच्याखाली घुटमळतात. तेव्हा त्याचा अंक त्याला फायद्याचा. एप्रिल-मेच्या दणदणीत थर्मलमध्ये मात्र दोन थर्मलमधलं अंतर वेगानं कापायचं असतं, आणि वेग वाढवला की का ८ दगडासारखा खाली येतो. तेव्हा तोच अंक त्याला पुरत नाही. यामागचं गणित पॉल मॅकक्रेडी यांच्या नावानं ओळखलं जातं. तेच मॅकक्रेडी १९५६ मध्ये फ्रान्समधल्या सेंट-यान इथे जगज्जेते झाले होते. पुढचा थर्मल जितका जोरदार, तितकं मधलं अंतर वेगानं कापायचं, हा त्या गणिताचा गाभा. वेग वाढवल्यावर कोणाचं किती नुकसान होतं हे प्रत्येक ग्लायडरच्या आलेखावर (कोणत्या वेगाला तो किती झपाट्यानं खाली येतो, त्यावर) ठरतं, आणि तो आलेख एका आकड्यात सांगता येत नाही. जागतिक स्पर्धांच्या क्लब क्लास नावाच्या गटात हँडिकॅप असतो, पण पंखात पाणी भरायला मनाई असते, याचं एक सरळ कारण हेच: पाणी भरलं की आलेखच बदलतो. या क्लासची पहिली जागतिक स्पर्धा २००१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या गॉलर इथे झाली. तिथेही सगळे ग्लायडर एका आटोपशीर पल्ल्यातले असतात, हे लक्षात घ्या. का ८ ला डिस्कसशी कोणी भिडवत नाही.

म्हणून माझा पहिला सल्ला टास्कबद्दल नाहीच, पल्ल्याबद्दल आहे. सगळ्यात हळू आणि सगळ्यात वेगवान ग्लायडरचं गुणोत्तर ०.८५ च्या खाली जाऊ देऊ नका. एएसके २१, एलएस ४, डिस्कस एकत्र चालतील. एएसके २१ चा ग्लाइड रेशो साधारण ३४, एलएस ४ चा ४०, डिस्कसचा ४२. का ८ चा २७. तो वेगळ्या गटात घाला किंवा त्या पोराला एक जोडीदार मिळवून द्या. गट फोडायला माणसंच नसतील, तर पुढे सांगतो तो एरिया टास्कच द्या, दुसरं काही नको.

आता टास्कचे प्रकार. रेसिंग टास्कवर मी वर टीका केली, पण मला तो मनापासून आवडतो. सगळे त्याच रेषेवरून, त्याच डोंगरावरून, त्याच पाणथळ जागेवरून जातात. कोण कुठे जिंकला ते दोन मार्ग एकमेकांवर ठेवून मिनिटामिनिटानं दाखवता येतं. शिकण्यासाठी याच्यासारखा टास्क नाही. अट एवढीच, की हळू ग्लायडर टास्क पूर्ण करेल तेव्हा दिवस अजून जिवंत असला पाहिजे. हे सकाळी असं तपासा: दिवस किती वाजता संपणार याचा अंदाज घ्या, त्यातून अर्धा तास कमी करा, सगळ्यात हळू ग्लायडरचा वेग अपेक्षेपेक्षा दहा टक्के कमी धरा आणि त्या वेगानं तो पोचतो का ते पाहा. पोचत असेल तर रेसिंग टास्क द्या आणि निश्चिंत राहा. पोचत नसेल तर अंतर कमी करा. पण कमी करता करता दीडशेच्या खाली जायची वेळ आली तर टास्कचा प्रकारच बदला.

असाइन्ड एरिया टास्क, म्हणजे एएटी, नेमकं या वेळेच्या दुखण्यावर औषध आहे. यात टर्न पॉइंटच्या जागी मोठी वर्तुळं असतात आणि एक किमान वेळ दिलेला असतो, समजा अडीच तास. वर्तुळात कुठेही वळा. तुम्ही कापलेल्या अंतराला लागलेल्या वेळानं भागायचं, पण अडीच तासांच्या आत आलात तरी वेळ अडीच तासच धरायचा. मग हळू ग्लायडर वर्तुळाच्या अलीकडच्या कडेला वळतो, वेगवान खोल जातो, आणि दोघंही साधारण एकाच वेळी घरी येतात. दिवसाचा तुकडा सारखा झाला.

पण वर्तुळ किती मोठं, यातच सगळी कसोटी आहे. आपल्या त्रिकोणात यवतमाळ आणि अमरावतीला २० किमी त्रिज्येची वर्तुळं टाकली, तर सगळ्यात छोटी वाट सुमारे १६० किमीची होते आणि सगळ्यात मोठी सुमारे २९० ची. अडीच तासांनी भागा: ताशी ६४ पासून ११६ पर्यंत. म्हणजे का ८ वाला वाईट दिवशी ६४ नं गेला तरी वेळेत बसतो, आणि डिस्कसवाल्याला चांगल्या दिवशी ११६ गाठेपर्यंत मागची भिंत लागत नाही. हा टास्क चांगला. तीच वर्तुळं दहा किमीची केली, तर वाट १९२ ते २५८ होते, म्हणजे ७७ ते १०३. आता का ८ ला अलीकडची कडसुद्धा उशिराच मिळते आणि डिस्कस मागच्या कडेला धडकून वेळेआधी घरी येतो. नाव एएटीचं, पण दोघांसाठी रेसिंग टास्कच. माझ्या पाहण्यात एएटीबद्दलच्या बहुतेक तक्रारी प्रकाराच्या नसतात, वर्तुळं चुकीच्या मापाची असल्याच्या असतात.

उलट टोकही वाईट. ४० किमीची वर्तुळं दिली, तर एक जण मेळघाटच्या पायथ्याशी जातो, दुसरा खारपाणपट्ट्यात दर्यापूरकडे आणि तिसरा मोर्शीच्या संत्र्याच्या बागांवर. ओलिताची जमीन थंड, कोरडी काळी जमीन तापट. तिघांना तीन वेगळे दिवस मिळाले, मग कौशल्याची तुलना कशी करणार? वर्तुळ हळू ग्लायडरच्या गरजेपेक्षा मोठं करू नका.

एएटीत पायलटकडे घरी कधी पोचू हे सांगणारं यंत्र लागतं. मोबाइलवर चालणारं एक्ससीसोअर मोफत आहे आणि ते एएटीचा हिशेब दाखवतं. नवख्यांना एकच गोष्ट ठासून सांगा: वेळेआधी येऊ नका. २०० किमी कापून दोन तास पंचवीस मिनिटांत आलात, तर ताशी ८२.८ ची मेहनत ८० म्हणून मोजली जाते. शेवटच्या वर्तुळात पाच मिनिटं आणखी आत गेलात तर ती मेहनत वाया जात नाही.

तिसरा प्रकार डिस्टन्स हँडिकॅप टास्क. तुमच्या गटाला हा सगळ्यात जास्त आवडेल असं मला वाटतं. यात हँडिकॅप वेगाला लावत नाहीत, अंतराला लावतात. प्रत्येक ग्लायडरला त्याच टर्न पॉइंटभोवती वेगळ्या त्रिज्येचं वर्तुळ मिळतं. वेगवान ग्लायडरला टर्न पॉइंटपर्यंत जावं लागतं, हळू ग्लायडर आपल्या मोठ्या वर्तुळाला शिवून परत फिरतो. सगळे एकाच वेळी सुटले तर जो आधी घरी आला तो जिंकला. गणकयंत्र नको, संध्याकाळपर्यंत निकालाची वाट पाहणं नको. बघणाऱ्यालाही शर्यत शर्यतीसारखी दिसते.

त्रिज्या कशी काढायची? वर्तुळामुळे वाचणारं अंतर हे वळणाच्या कोनावर अवलंबून असतं. जाऊन त्याच वाटेनं परत यायचं असेल तर त्रिज्येच्या दुप्पट वाचतं. काटकोनाच्या आसपासच्या वळणाला साधारण दीडपटीच्या जवळ. वाट जवळजवळ सरळच असेल, तर वर्तुळ कितीही मोठं असलं तरी काहीच वाचत नाही. आपल्या त्रिकोणात यवतमाळचा कोन ८५ अंशांच्या आसपास आणि अमरावतीचा ४४ च्या. दोन्हीकडे सारखी त्रिज्या ठेवली तर एकूण बचत त्रिज्येच्या सुमारे ३.३३ पट. ०.९० च्या ग्लायडरला २२५ पैकी साडेबावीस किमी वाचवायचे, म्हणजे त्रिज्या पावणेसात किमी. ०.८० ला ४५ वाचवायचे, म्हणजे साडेतेरा किमी. ०.७० ला वीसच्या वर. इथे पुन्हा पल्ल्याचा प्रश्न आला. पावणेसात किमीपर्यंत सगळे साधारण एकाच हवेत असतात. वीस किमी अलीकडे वळणारा मात्र अमरावतीवर पसरलेली सावली बघतसुद्धा नाही, ती फक्त डिस्कसवाल्याच्या वाट्याला येते. कधी याच्या उलट, चांगले ढग नेमके त्या शेवटच्या वीस किमीत असतात.

या प्रकारात सुरक्षेची एक गोष्ट टास्क ठरवणाऱ्यानं विसरू नये. निमुळता कोन ठेवला, की अलीकडे वळलेले ग्लायडर परत येताना अजून पुढे जाणाऱ्यांच्या समोर येतात, बहुधा त्याच उंचीवर. दोघांचा एकत्रित वेग ताशी २५० च्या वर जाऊ शकतो. सिम्युलेटरवर फार तर रविवार वाया जाईल, खऱ्या आकाशात जीव जाईल. कोन ४५ अंशांपेक्षा लहान ठेवू नका. आपल्या त्रिकोणातला अमरावतीचा कोन त्या काठावरच आहे. टर्न पॉइंट थोडा आग्नेयेला, चांदूर रेल्वेच्या बाजूला सरकवलात तर तो मोकळा होतो.

आता हे सगळं एकत्र आणून रविवारी काय करायचं ते सांगतो. गटातला पल्ला ०.८५ च्या वर असेल आणि वारा ताशी पंधराच्या आत असेल, तर रेसिंग टास्क किंवा डिस्टन्स हँडिकॅप, तुमच्या आवडीनं आलटून पालटून. दिवस लहान किंवा बेभरवशाचा असेल, किंवा का ८ एकाच गटात असेल, तर एएटी. वारा वीसच्या वर असेल तर प्रकार कोणताही घ्या, पण लांब टप्पा वाऱ्यावर टाकू नका, आडवा टाका. शेवटचा टप्पा वाऱ्यासोबत ठेवा, कारण दिवसाच्या शेवटी कमजोर थर्मलमध्ये वाऱ्यावर झगडत घरी येणं हे हळू ग्लायडरला सगळ्यात महाग पडतं. उन्हाळ्यात आपल्याकडे बहुतेक पश्चिमेचा किंवा वायव्येचा वारा असतो. त्रिकोणात वर्धा पूर्वेला आहे, म्हणून वर्ध्याहून सुरुवात केली की अमरावतीहून परतीचा ९१ किमीचा टप्पा वाऱ्यासोबत मिळतो. हाच त्रिकोण अमरावतीहून सुरू केला तर शेवट वाऱ्यावर होतो. नकाशावर दोन्ही टास्क सारखेच दिसतात, पण का ८ वाल्याला विचारा.

एका मालिकेत एकाच प्रकाराचे टास्क देऊ नका. प्रत्येक प्रकार कोणाच्या ना कोणाच्या बाजूला थोडा झुकलेला असतो. सगळे मिळून तो झुकाव पुष्कळसा भरून निघतो. फक्त टास्क सकाळी जाहीर झाल्यावर दुपारी कोणाच्या आग्रहानं बदलू नका. बदलायचाच झाला तर सगळ्यांच्या सुरुवातीआधी, सगळ्यांसमोर.

शेवटी तुमचा मूळ प्रश्न राहतो: अंक आपणच बदलावा का, आणि दोष पायलटचा तर नाही? मालिका चालू असताना अंकाला हात लावायचा नाही. निकाल पाहून अंक बदलला, की चांगलं उडवणाऱ्याला शिक्षा आणि वाईट उडवणाऱ्याला बक्षीस मिळतं, आणि मग कोणीच शिकत नाही. त्याऐवजी निकालपत्रकात हँडिकॅप लावलेल्या वेगाशेजारी आणखी दोन रकाने ठेवा: शेवटची रेषा पार केल्याची वेळ आणि त्या दिवशीचा वारा. सात-आठ रविवार झाले की का ८ ची तूट त्या दोन रकान्यांशी ताडून पाहा. उशिरा आलेल्या दिवशीच तूट मोठी असेल तर टास्क लांब पडतोय. वाऱ्याच्या दिवशीच मोठी असेल तर टप्प्यांची दिशा चुकतेय. वारा नव्हता, दिवसही लांब होता, तरी तूट तेवढीच असेल, तर त्या पोराच्या उड्डाणाच्या फाइली मला पाठवा. तो थर्मलमध्ये किती वेळ घालवतो आणि मधल्या अंतरात किती वेगानं जातो ते आपण दोघं मिळून बघू.